तंबूवाल्यांच्या गल्लीतले गिऱ्हाईक

रमजानचा चाँद दिसला की कैरोच्या गल्ल्यांवर रंगीत कापड चढते. लाल, निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांतली भौमितिक नक्षी, मध्ये तारा किंवा कमळ आणि भोवती वेलबुट्टी. चहाच्या दुकानावर तेच ताणलेले असते, बाल्कनीतल्या फानूसांच्या म्हणजे रमजानच्या कंदिलांच्या शेजारी पताका होऊन तेच लटकते, उशांच्या अभ्र्यांवर आणि ताटाखालच्या कापडावरही तेच. रस्त्याच्या कडेला श्रीमंत लोक आणि मोहल्ल्यातली मंडळे ‘माइदतुर्रहमान’ मांडतात, म्हणजे रहमानचे दस्तरखान. मगरिबची अजान झाली की वाटसरू, हमाल, पहारेकरी, कुणीही तिथे बसून जेवू शकतो आणि त्याला जात-धर्म विचारला जात नाही. त्या मंडपाच्या कनातीही याच नक्षीच्या असतात.

या नक्षीला ‘खयामिया’ म्हणतात. अरबीत खैमा म्हणजे तंबू; उर्दूनेही तो शब्द घेतला आहे. तंबू शिवणारा तो खय्याम. माधव जूलियन यांनी ज्याच्या रुबाया मराठीत आणल्या त्या उमर खय्यामच्या नावातही हाच धंदा दडलेला आहे. ‘अल-खयामिया’ म्हणजे तंबूवाल्यांची गल्ली, आणि तिथे चालणारी कला तीही खयामिया.

पण कैरोभर रमजानमध्ये जे कापड दिसते, त्यातले बहुतेक या गल्लीत शिवलेले नसते. ते कारखान्यात छापलेले, मीटरवर विकले जाणारे कापड आहे. पाच हात लांबून पाहिले तर छापील आणि हाताने शिवलेले यांतला फरक कळत नाही, आणि मंडपाकडे कुणी पाच हातांच्या आत जाऊन बघत नाही. त्यामुळे रमजान जितका थाटात साजरा होतो तितकी ती नक्षी जास्त दिसते, आणि जिने ती नक्षी शतकानुशतके जपली त्या गल्लीला मात्र त्या थाटातले फारसे काही मिळत नाही. फानूस बनवणाऱ्या पत्र्याच्या कारागिरांवरही अशीच वेळ आली होती; बाहेरून येणाऱ्या प्लास्टिकच्या, गाणी वाजवणाऱ्या कंदिलांनी बाजार भरला तेव्हा २०१५ मध्ये इजिप्तच्या सरकारने लोककलेच्या वस्तूंच्या अशा नकला आयात करण्यावर बंदी घातली. तंबूवाल्यांची अडचण वेगळी होती. त्यांच्या कामाची नक्कल गावातच होत होती आणि ती घेणारेही त्यांचेच जुने गिऱ्हाईक होते. गेल्याला परत कसे आणायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हताच. नवे गिऱ्हाईक कुठे आहे, हा होता.

जुन्या कैरोच्या दक्षिण वेशीला बाब जुवैला म्हणतात. फातिमी खलिफांच्या काळात, १०९२ मध्ये बांधलेला हा दरवाजा आजही उभा आहे आणि त्याच्या बुरुजांवर शेजारच्या मशिदीचे दोन मिनार चढवलेले आहेत. दरवाजातून बाहेर पडून सरळ पुढे गेले की छप्पर असलेला बाजार लागतो. सतराव्या शतकाच्या मध्यास रिदवान बेग नावाच्या अमीराने तो उभारला. हा रिदवान बेग अनेक वर्षे ‘अमीरुल हज’ होता, म्हणजे मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या तांड्याचा प्रमुख. वाळवंटातून आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या त्या तांड्याला तंबू लागत, खोगिरे लागत, पखाली लागत. कैरोची उस्मानी सत्ता गेली, हजचे तांडे बंद झाले, आगबोटी आल्या आणि पुढे विमाने आली. गल्लीतले तंबूवाले मात्र राहिले.

तंबू बाहेरून साधाच असतो, उन्हापावसाचा मार खाण्यासाठी. नक्षी आतल्या बाजूला. तंबूत बसलेल्याला वर आणि भोवती बाग फुललेली दिसावी, एखाद्या मशिदीच्या संगमरवरी भिंतीसारखी रेषांची गुंफण दिसावी, हा त्यातला हेतू. इजिप्तमध्ये लग्न, मयत, कुराणपठण, पुढाऱ्याची सभा, सगळ्यासाठी रस्त्यात असा मंडप घातला जाई. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका राजघराण्यातल्या स्त्रीच्या अंत्यविधीसाठी चामड्याचे रंगीत तुकडे जोडून केलेला तंबू तिकडे उत्खननात सापडला आहे. त्यामुळे ही कला थेट फॅरोंच्या काळापासून अखंड चालत आली, असे गल्लीत अभिमानाने सांगितले जाते. मधल्या इतक्या शतकांचा धागा जोडून दाखवणे कठीणच आहे. तरी कापडावर कापड शिवून सावलीला सजवण्याची हौस त्या मातीत फार जुनी आहे एवढे खरे. ही हौस तिथलीच आहे असेही नाही. ओडिशातल्या पिपिली गावचे दर्जी जगन्नाथाच्या रथासाठी जी छत्रे आणि चांदवे शिवतात, त्यांची रीत याच जातीची आहे.

काम असे चालते. आधी खाकी कागदावर नक्षीचा एक भाग काढतात. कागद घडी घालून सुईने रेषांवर बारीक छिद्रे पाडतात. घडी उलगडली की चारी किंवा आठी बाजूंना तीच नक्षी हजर. हा कागद जाड सुती कॅनव्हासवर ठेवून वरून भुकटी घासतात. कापड फिके असेल तर कोळशाची, गडद असेल तर पांढरी. आपल्याकडे रांगोळीसाठी उदबत्तीने भोके पाडलेला ठिपक्यांचा कागद असे, त्याचीच ही थोरली बहीण. ठिपके जोडून रेघा पक्क्या केल्या की कारागीर भिंतीला पाठ टेकून मांडी घालून बसतो, कॅनव्हास गुडघ्यावर घेतो आणि रंगीत सुती कापडाचा तुकडा अंदाजाने कापून त्यावर ठेवतो. तुकड्याची कड सुईच्या टोकानेच आत दुमडायची आणि लगेच तुरपाईचा टाका घालायचा. कड दुमडताना इस्त्री नाही, टाचण्या नाहीत. गोल पाकळीची कड एका सारख्या वळणावर दुमडली जावी आणि टाका वरून दिसू नये, यातच सगळी हुशारी. हातात असते ती शिंप्याची मोठी, जड कात्री. नखाएवढी पाकळीही तिनेच कापतात. उशीचा अभ्रा काही दिवसांत होतो. भिंतभर मोठे, दाट नक्षीचे काम महिनोन्महिने चालते.

आणि हे सगळे पुरुष करतात. घरी बसून शिवणाऱ्या बायकाही आहेत, पण गल्लीतल्या दुकानात ओट्यावर बसून सुई चालवणारे पिढ्यानपिढ्या पुरुषच. पुढे परदेशी गिऱ्हाईक मिळण्यात या गोष्टीचाही हात लागला.

विसाव्या शतकात तंबूचे काम कमी होत गेले. मंडपाला छापील कापड स्वस्त पडे, धुवायला सोपे, फाटले तर फेकता येई. मग कारागिरांनी तंबूचे तुकडे केले असे म्हणायला हरकत नाही. भिंतीवर टांगायचे पडदे, अभ्रे, पिशव्या असे प्रवाशांना पेटीत घालून नेता येईल असे काम सुरू झाले. नाईलकाठची कमळे, दोन पक्ष्यांचे झाड, गिरक्या घेणारे दरवेश आणि गोहाच्या गोष्टी. गोहा म्हणजे आपला मुल्ला नसरुद्दीन. इजिप्तमध्ये तो गोहा होऊन गाढवावर उलटा बसतो. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस याच्या १९४८ मधल्या एका गाजलेल्या चित्रात खिडकीशेजारी लाल, काळ्या, हिरव्या नक्षीचा पडदा लोंबतो, तो इजिप्शियन पडदा खयामियाच्या घराण्यातला. चित्राच्या नावातच तो पडदा आहे. तो कुणी शिवला हे मात्र कुठेच नोंदलेले नाही. गल्लीच्या धंद्याची मेख इथेच होती: माल दूर जाई, बनवणारा ओट्यावर राही.

प्रवासी गिऱ्हाईक तसे बरे, पण त्याला घाई असते. त्याला आठवण म्हणून काहीतरी हवे असते आणि घासाघीस करायची असे त्याला गाईडने शिकवलेले असते. तीनशेची वस्तू दीडशेला मागितली जाते. दीडशेला द्यायची म्हणजे टाके लांब पडणार, पाकळ्या कमी होणार, नक्षी सोपी होणार. काम घसरले की भाव आणखी घसरतो. मोठी नक्षी वर्षाकाठी एखादीच होऊ लागली, कारण सहा महिने शिवून ती घेणार कोण? असे गिऱ्हाईक मिळण्यापेक्षा न मिळालेले परवडले असे एखाद्या म्हाताऱ्या कारागिराला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. पोरे टॅक्सी, टुकटुक चालवायला जाऊ लागली. सुईपेक्षा त्यात रोजचे पैसे लवकर हातात येतात.

२००५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नवे राजदूत कैरोत आले. त्यांच्या पत्नी जेनी बाउकर या स्वतः क्विल्ट करणाऱ्या कलावंत. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीचीच मोठ्या घरची बहीण. पाश्चात्त्य देशांत क्विल्ट हा आता थंडीचा इलाज राहिलेला नाही. त्याची अधिवेशने भरतात, स्पर्धा होतात, संग्रहालये आहेत, आणि हजारो बायका तिकीट काढून फक्त टाके बघायला येतात. बाउकर तंबूवाल्यांच्या गल्लीत गेल्या तेव्हा त्यांना जे दिसले ते इतर प्रवाशांना दिसत नव्हते. कड सुईने दुमडून तुरपाई करण्याचे हेच काम त्यांच्या मैत्रिणी वर्षानुवर्षे क्लास लावून शिकत होत्या, आणि इथले कारागीर ते रस्त्याकडेला, बोलता बोलता, न बघितल्यासारखे करत होते.

बाई राजदूताच्या पत्नी होत्या. त्यांनी दहा पडदे विकत घेऊन मेजवानीत पाहुण्यांना वाटले असते तरी गल्लीने दुवा दिली असती. एखादी देणगी मिळवून देणेही त्यांना अवघड नव्हते. त्यांनी वेगळी वाट धरली. ज्यांना हे काम कळते ते लोक कुठे एकत्र जमतात हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी काम तिथे नेले. २००७ मध्ये मेलबर्नच्या क्विल्ट अधिवेशनात तंबूवाल्यांच्या कामाचे प्रदर्शन लागले. पुढे इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या क्विल्टच्या मेळ्यांतही ते जात राहिले. नवऱ्याची नेमणूक २००८ मध्ये संपली, त्या मायदेशी परतल्या, तरी हे काम त्यांनी सोडले नाही.

यात युक्ती कोणती होती? पहिली गोष्ट, जागा. हाच माल सिडनीच्या एखाद्या भेटवस्तूंच्या दुकानात ठेवला असता तर तो शेजारच्या मेणबत्त्यांशी आणि मण्यांच्या माळांशी स्पर्धा करत बसला असता. क्विल्टच्या मेळ्यात येणाऱ्या बाईने स्वतः एखादी चादर वर्षभर शिवलेली असते. बोटाला सुई टोचलेली असते, कोपरा चुकला म्हणून रात्री उसवून परत घातलेला असतो. ती समोर येते, चष्मा चढवते, नाक कापडाला लागेल इतकी वाकते आणि टाके शोधते. सापडत नाहीत. मग ती किंमत विचारते, आणि तिला ती जास्त वाटत नाही. आपण स्वतः हे केले असते तर किती दिवस लागले असते याचा हिशेब तिच्या मनात आधीच झालेला असतो. अशा गिऱ्हाइकाशी घासाघीस होत नाही.

दुसरी गोष्ट, माणूस. प्रदर्शनांना कापडाबरोबर कारागीरही गेले आणि लोकांसमोर मांडी घालून शिवायला बसले. भाषा येत नव्हती, पण सुईला ती लागत नाही. मोठ्या कात्रीने नाजूक पाकळी कापणारा, टाचणीशिवाय भराभर टाके घालणारा दाढीवाला पुरुष बघायला गर्दी जमे. त्या देशांत हे बायकांचे काम समजले जाते. मातीसच्या पडद्याला शिवणारा नव्हता; या पडद्यांना तो होता, समोर बसलेला, हसणारा, नाव सांगणारा. विकत घेणाऱ्याने घरी जाऊन भिंतीवर टांगले तरी हे अमक्याने शिवले असे त्याला सांगता येई. नाव लागले की वस्तूची किंमत बदलते. पैठणीच्या आणि हिमरूच्या विणकरांनाही हे सांगायला नको. त्यांचे नावही दुकानाच्या पाटीवर क्वचितच असते.

तिसरी गोष्ट जरा रुक्ष आहे. परदेशात माल न्यायचा म्हणजे व्हिसा, कस्टमचे कागद, विमानाचे वजन, प्रदर्शनाच्या जागेचे भाडे, विकलेल्या मालाचे पैसे ज्याचे त्याला पोचवणे. ओट्यावर बसणाऱ्या कारागिराला यातले काही जमणे शक्य नव्हते, आणि लहान धंद्याला नेमके इथेच माणूस लागतो. तंबूच्या कापडाचा एक मोठा गुण इथे उपयोगी पडला: ते घडी होते. फुटत नाही, गंजत नाही, बॅगेत बसते. मातीची भांडी किंवा काचेचे दिवे असते तर ही गोष्ट इतकी सोपी झाली नसती.

हदीसचे जे मोठे संग्रह आहेत त्यांतल्या अबू दाऊद यांच्या संग्रहात एक प्रसंग येतो. मदिनेतला एक गरीब माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आला. घरात काय आहे, असे त्याला विचारले गेले. एक जाडेभरडे कापड, जे अर्धे पांघरायचे आणि अर्धे अंथरायचे, आणि पाणी प्यायचा एक कटोरा. दोन्ही आणायला सांगून प्रेषितांनी ते हातात घेतले आणि जमलेल्या लोकांना विचारले, हे कोण घेतो? एकाने एक दिरहम सांगितला. यापेक्षा जास्त कोण देतो, असे दोन-तीनदा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिरहम दिले. एका दिरहममध्ये घरी अन्न, दुसऱ्यात कुऱ्हाडीचे पाते. दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवून दिला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विक म्हणून पाठवले. माणूस परत आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

रमजानमध्ये, जकातीचे म्हणजे वर्षाच्या बचतीतून गरिबांसाठी काढायच्या हिश्शाचे हिशेब चाललेले असतात तेव्हा, हा प्रसंग पुष्कळ प्रवचनांत सांगितला जातो आणि भर नेहमी कुऱ्हाडीवर असतो: भीक मागू नये, कष्ट करावेत. पण कुऱ्हाडीच्या आधी एक लिलाव झाला होता, त्याच्याकडे लक्ष कमी जाते. त्या माणसाचे कापड आणि कटोरा घरात पडून होते तेव्हा त्यांची किंमत शून्य होती. चार माणसांत ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने ते हातात धरले, ‘यापेक्षा जास्त कोण देतो’ असे विचारले, तेव्हा ती दोन दिरहम झाली. पहिल्या बोलीवर सौदा तोडला नाही, हेही बघण्यासारखे आहे.

कैरोचाच आणखी एक रहिवासी इथे आठवतो. मुसा बिन मैमून, ज्यांना युरोप मायमोनिडीज म्हणतो. स्पेनमधून भटकत येऊन जुन्या कैरोत, फुस्तातमध्ये स्थायिक झालेले यहुदी धर्मपंडित आणि सुलतान सलाहुद्दीनच्या दरबारातल्या मंडळींचे हकीम. त्यांनी यहुदी धर्मशास्त्राच्या आपल्या ग्रंथात दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. कुढत दिलेले दान सर्वांत खाली. गुप्तदान बरेच वर. सर्वांत वरच्या पायरीवर मात्र दानच नाही. तिथे अडचणीतल्या माणसाला कर्ज देणे, धंद्यात भागीदार करून घेणे किंवा काम मिळवून देणे आहे, म्हणजे त्याला हात पसरायची वेळच येऊ नये. बाराव्या शतकात हे लिहिले गेले ते ठिकाण बाब जुवैलापासून काही फार लांब नाही.

२५ जानेवारी २०११ ला कैरोत उठाव सुरू झाला आणि प्रवासी यायचे थांबले. दुकाने उघडी, गल्ली रिकामी. त्यानंतरच्या काही वर्षांत सत्ता बदलली, पुन्हा बदलली, संचारबंदी आली. प्रवाशांवर पोट असलेल्या सगळ्या गल्ल्यांचे हाल झाले. तंबूवाल्यांतल्या ज्यांचे काम परदेशी मेळ्यांत जात होते त्यांना निदान एक दार उघडे राहिले. किम बीमिश या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने नेमक्या याच काळात गल्लीत कॅमेरा लावला. त्याचा ‘द टेंटमेकर्स ऑफ कैरो’ हा माहितीपट २०१५ मध्ये आला. त्यात शिवण कमी आणि वाद जास्त ऐकू येतात. देशात काय चालले आहे यावर सुई चालवत चालवत भांडणारी माणसे. त्यामुळे तो खरा वाटतो. २०१८ मध्ये सॅम बाउकर आणि सैफ अल-रशीदी यांनी या कलेवर मोठा ग्रंथही लिहिला. नक्षी कुठून आली, कुणाच्या तंबूत काय होते, हे नीट नोंदले गेले. अशा नोंदी झाल्या की वस्तू संग्रहालयात जाते, आणि संग्रहालयात गेलेल्या वस्तूच्या भावाबद्दल बाजारात वेगळ्या आवाजात बोलले जाते.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. पहिली अडचण उघड आहे: एका माणसाच्या ओळखीवर उभा राहिलेला धंदा त्या माणसाच्या तब्येतीवर आणि विमानाच्या तिकिटावर अवलंबून राहतो. करोना आला तेव्हा जगभरचे मेळे बंद पडले. दुसरी अडचण गल्लीच्या आतली. परदेशी कुणाचे काम जाणार, कुणाला व्हिसा मिळणार, मोठी ऑर्डर कुणाला? ज्याला मिळाले त्याचे घर सावरले, शेजारचा बघत राहिला. बाहेरचा मदतनीस कितीही न्यायी असला तरी निवड त्याला करावीच लागते, आणि निवडीची किंमत गल्लीतले लोक आपापसात मोजतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये सरकारने इजिप्शियन पौंड मोकळा सोडला आणि त्याची किंमत एका झटक्यात जवळपास निम्मी झाली. परदेशातून येणाऱ्या एका डॉलरचे जास्त पौंड मिळू लागले हे खरे, पण बाजारातली प्रत्येक वस्तू महागली. ज्याचे गिऱ्हाईक बाहेर होते तो तरला, ज्याचे गावातच होते तो दबला.

काहींचा आक्षेप याहून मूलभूत आहे. जी कला इफ्तारच्या मंडपासाठी, वरातीसाठी, मयतीच्या शोकसभेसाठी होती, ती आता परक्या देशातल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली जाते. ही जपणूक की निर्यात? प्रश्न चुकीचा नाही. पण तो विचारणाऱ्याने मंडपाला कोणते कापड लावले आहे हेही बघावे. स्वतःच्या रमजानला छापील कापड घेऊन कारागिराने मात्र परदेशी विकू नये असे म्हणणे स्वस्तातले आहे. शिवाय चांगला भाव मिळू लागला की कारागीर पुन्हा दाट, कठीण नक्षीकडे वळतो. जुन्या मशिदींच्या भिंतींवरची गुंफण परत कागदावर उतरते, पोराला ओट्यावर बसवावेसे वाटते. मीटरच्या भावाने विकणाऱ्याला त्यातले काहीच करावे लागत नाही.

महाराष्ट्रातून इजिप्तला सहली जातात. चार-पाच दिवसांच्या त्या सहलीत पिरॅमिड असतात, संग्रहालय असते, नाईलची नौका असते आणि खरेदीसाठी खान अल-खलीली बाजार असतो. तिथून अल-मुइज रस्त्याने दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटे चालत गेले की बाब जुवैला येते आणि दरवाजा ओलांडला की ती छपराची गल्ली. रमजानमध्ये दुपारी तिथे शुकशुकाट असतो. इफ्तारनंतर, तरावीहची नमाज आटोपल्यावर जाग येते आणि दिवे सहेरीकडे रात्र झुकेपर्यंत जळतात. दुकानात पुढे ढीग असतो तो बहुधा छापील कापडाचा, कारण विचारणारे तेच विचारतात. शिवलेले काम आत, फळीवर, घडी घालून ठेवलेले असते. ते काढायला सांगावे, आणि समोर पसरले की उलट बाजू दाखवायला सांगावी. छापील कापडाची उलट बाजू नुसतीच फिकी असते. शिवलेल्या कापडाच्या पाठीवर, साध्या कॅनव्हासवर, वरून न दिसलेले सगळे टाके ओळीने दिसतात, आणि दुकानदार बहुधा बोट ठेवून सांगतो की यातले कोणते त्याचे आणि कोणते त्याच्या वडिलांचे.